उंच जाणारा फुगा, कॅमेरा आणि रेडिओ ट्रॅकर: कुणी सोडलाय का?

निरभ्र

नमस्कार मंडळी. हवामानवाले रोज सोडतात तसला लेटेक्सचा फुगा घ्यायचा, खाली थर्माकोलच्या खोक्यात कॅमेरा लटकवायचा. तीस किलोमीटरच्या वर कुठेतरी फुगा आपोआप फुटतो, पॅराशूट उघडतं आणि खोकं खाली येतं. ते जाऊन उचलायचं. हा उद्योग कधीपासून डोक्यात होता, आता त्याला साथीदारही मिळालेत. दोघांना सोल्डरिंग चांगलं येतं, एकीजवळ हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे.

आत्तापर्यंतचा बेत असा: १२०० ग्रॅमचा फुगा, हेलियम, मीटरभर व्यासाचं पॅराशूट, एक ॲक्शन कॅमेरा आणि ठावठिकाणा कळायला एक जुना मोबाईल, जो दर मिनिटाला एसएमएस पाठवेल. पॅराशूटसकट सगळं मिळून ९०० ग्रॅममध्ये बसवायचंय. पृथ्वीची वक्रता आणि वरचं काळं आकाश दिसेल असा फोटो मिळाला की जिंकलो.

मोबाईल पुरेल ना? कॅमेरा थंडीत बंद पडतो असं ऐकलंय, ते कितपत खरं? आणि गॅस किती भरायचा हे कसं ठरवतात?

अँटेनावाला

मोबाईलचा बेत आधी खोडा. टॉवरच्या अँटेना जमिनीकडे किंचित झुकवलेल्या असतात, आकाशाकडे बघायला त्या बसवलेल्याच नसतात. थोडं वर गेलं की सिग्नल येतो-जातो, मग जातोच. बऱ्याच देशांत हवेत मोबाईल चालू ठेवायला मनाईही आहे, कारण उंचावरून तो एकाच वेळी ढीगभर टॉवरना दिसतो. म्हणजे अडीच तासांच्या उड्डाणातला बहुतेक वेळ तुम्ही आंधळे. उतरल्यावर तरी एसएमएस येईल म्हणाल, तर खोकं पडणार बहुधा जिथे रेंज नाही अशाच ठिकाणी.

स्वतःचा ट्रान्समीटर लावा. वरून थेट नजर असली की किती कमी ताकदीत काम भागतं ते पहिल्यांदा बघताना विश्वास बसत नाही. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा, क्षितिजापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये मिळेल. ३०,००० मीटरवरून ते ६२० किलोमीटरच्या आसपास येतं. रेडिओलहरी वातावरणात जराशा वाकतात, त्यामुळे त्यांचं क्षितिज आणखी थोडं पुढे. १० मिलिवॉटचा ट्रान्समीटर आणि जमिनीवर बरी यागी (एका दिशेला रोखायची) अँटेना असली तर शेकडो किलोमीटरवरून डेटा येतो. २०१७ साली एका फुग्यावरच्या २५ मिलिवॉटच्या लोरावॅन (कमी विजेत लांब पोहोचणारी रेडिओ पद्धत) ट्रान्समीटरचं पॅकेट ७०२ किलोमीटरवर ऐकलं गेलं होतं.

मोबाईल न्यायचाच असेल तर जमिनीवर आल्यावरचा जादाचा आधार म्हणून न्या, तोही तुमच्याकडच्या नियमांत बसत असेल तर.

सोल्डरराव

वरच्याशी सहमत. आता जीपीएस. कुठलंही मॉड्यूल उचलून लावू नका.

जीपीएस रिसीव्हर क्षेपणास्त्रात वापरले जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर जुनी मर्यादा आहे: उंची १८ किलोमीटर आणि वेग १००० नॉट (ताशी साधारण १८५० किलोमीटर). नियमानुसार दोन्ही एकदम ओलांडल्या तर रिसीव्हरने गप्प बसायचं. पण काही कंपन्यांनी 'आणि'च्या जागी 'किंवा' केलं, आणि तसला रिसीव्हर १८ किलोमीटरला मुका होतो. नेमकं उड्डाण रंगात आलेलं असताना.

यू-ब्लॉक्स कंपनीची मॉड्यूल या छंदात जास्त चालतात, पण त्यांच्यातही एक मेख आहे. चालू करताच ती ज्या मोडमध्ये असतात त्यात १२ किलोमीटरच्या वरची जागा ती मानत नाहीत. 'एअरबोर्न' मोड लावला की ५० किलोमीटरपर्यंत चालतात. हा आदेश प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदा पाठवून विसरू नका. वर वीज क्षणभर डगमगली आणि मॉड्यूल रीसेट झालं तर ते परत मूळ मोडला जातं. दर काही मिनिटांनी मोड विचारायचा, चुकीचा असेल तर पुन्हा लावायचा. कोडच्या चार ओळी आहेत.

वाचकमात्र

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

खगोलवेडी

वक्रतेबद्दल थोडं पाणी ओतते, रागावू नका.

३० किलोमीटर उंची म्हणजे पृथ्वीच्या ६३७१ किलोमीटर त्रिज्येपुढे काहीच नाही. क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा साधारण साडेपाच अंश खाली दिसतं. गणित केलं तर ६० अंशांच्या साध्या लेन्सने, कॅमेरा अगदी सरळ धरून काढलेल्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत क्षितिजाचा मध्य आणि कडा यांच्यात पन्नासेक पिक्सेलचा फरक येतो. दिसतो, पण पट्टी लावून बघावा लागतो. नेटवर जे गरगरीत गोल फोटो असतात ते ॲक्शन कॅमेऱ्याच्या फिशआय लेन्सची करामत. त्याच चित्रफितीत पुढे खोकं डोलतं आणि क्षितिज चौकटीच्या खालच्या अर्ध्यात जातं, तेव्हा तीच पृथ्वी वाटीसारखी खोलगट दिसते. एकदा बघाच शोधून.

खरी वक्रता हवी असेल तर कॅमेऱ्यात लेन्सचा बाक काढून टाकणारा 'लिनिअर' पर्याय असतो तो लावा, किंवा क्षितिज बरोबर मधोमध असलेले फोटो निवडा. मधली रेघ फिशआयमध्येही सरळच राहते, त्यामुळे तिथे जो बाक उरेल तो पृथ्वीचा.

काळं आकाश मात्र शंभर टक्के मिळेल. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सव्वा टक्क्याहूनही कमी असतो, निळं दिसायला हवाच उरत नाही. फक्त ऑटो एक्स्पोजरवर सोडू नका. काळं आकाश बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि ढग पांढरेफटक जळून जातात. एक्स्पोजर एक पायरी खाली, व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठरवून ठेवलेला, शटर शक्य तितकं जलद.

निरभ्र

पन्नास पिक्सेल! बरं झालं आधी कळलं ते. मोबाईल रद्द. लिनिअर मोड आमच्या कॅमेऱ्यात आहे, तोच लावू. गॅसबद्दल कुणीतरी सांगा ना.

हलकाफुलका

गॅसचा हिशोब डोळ्यांनी करता येत नाही. जमिनीवर 'पुरेसा फुगलेला' दिसणारा फुगा हमखास जास्त भरलेला असतो. वर दाब कमी होत जातो तसा तो शंभरपटीहून जास्त प्रसरण पावतो, म्हणून सुटताना तो ढिलाच दिसायला हवा.

समुद्रसपाटीला १ घनमीटर हेलियम साधारण १.०५ किलो उचलतो. तुमचा फुगा १.२ किलो, लटकन (पॅराशूटसकट खाली लटकणारं सगळं) ०.९ किलो, मिळून २.१. तेवढीच उचल दिली तर फुगा तरंगत राहील, वर जाण्यासाठी जादा ओढ लागते. सेकंदाला ५ मीटर वेग हवा असेल तर या आकाराला साधारण ०.९ किलो जादा धरा. एकूण उचल ३ किलो, म्हणजे २.९ घनमीटरच्या आसपास हेलियम.

आता फुटणार कुठे? १२०० ग्रॅमचा चांगला फुगा साडेआठ मीटरच्या आसपास व्यासाला फुटतो. तेव्हा त्याचं आकारमान ३३० घनमीटरच्या घरात असतं. म्हणजे हवा जमिनीपेक्षा ११५ पट विरळ होईल तिथे, कागदावर ३३ किलोमीटरच्या थोडं वर. प्रत्यक्षात एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतं. लेटेक्स आहे, प्रत्येक फुगा वेगळा निघतो.

मैदानात हे मोजायचं कसं? फुग्याच्या मानेशी जी ओढ लागते ती लटकन अधिक जादा ओढ, म्हणजे ०.९ + ०.९ = १.८ किलो. पाण्याची बाटली घ्या आणि भरायची नळी, तिच्यावरची पट्टी आणि बाटली मिळून काट्यावर बरोबर १८०० ग्रॅम होईल इतकंच पाणी ठेवा. हे सगळं मानेला लटकवून भरत राहा. बाटली जमिनीवरून सुटून ना वर ना खाली अशी राहिली की चावी बंद. वारा असेल तर बाटली उड्या मारते आणि मापाचा बोऱ्या वाजतो, म्हणून भरायला पहाटेची वेळ किंवा भिंतीचा आडोसा. गॅस हळू सोडा. सिलिंडरमधून भसकन काढलेला गॅस थंड असतो आणि फुगा पाच मिनिटांनी वेगळंच वजन उचलतो.

हातमोजे घाला. अंगठ्या, घड्याळं काढून ठेवा. खाली स्वच्छ चादर अंथरा. फुगा गवतावर टेकवलात तर एक कुसळ पुरे आहे.

मान बांधताना: नळी काढायच्या आधी मानेला दोन केबल टाय, नळीच्या तोंडापेक्षा वर. नळी काढली की मान वर दुमडायची, दुमडीत मुख्य दोरीचा फास अडकवायचा, पुन्हा दोन टाय आणि त्यावर चिकटपट्टीचे वेढे. टायची कापलेली टोकं धारदार असतात, ती पट्टीखाली झाकली गेलीच पाहिजेत. हे काम दोघांनी करायचं, एकाने फक्त मान धरायची आणि गप्पा मारायच्या नाहीत.

उचापती

हेलियम कशाला? हायड्रोजन घ्या. जास्त उचलतो, आणि हेलियम जमिनीतून काढलेला, एकदा हवेत गेला की गेला.

हलकाफुलका

उचलतो जास्त, पण किती? हेलियमच्या १.०५ ला हायड्रोजनचे १.१४. आठ टक्क्यांसाठी पहिल्याच उड्डाणात हा खेळ नको. हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या प्रचंड पट्ट्यात तो पेट घेतो आणि ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. लेटेक्स घासलं की स्थिर वीज तयार होते, तेवढी ठिणगी पुरते.

उचापती

हवामान केंद्रं कित्येक ठिकाणी हायड्रोजनच वापरतात की. रोज. आपण विनाकारण बाऊ करतो.

हलकाफुलका

वापरतात. भरायची खोली वेगळी, सगळी उपकरणं अर्थिंग केलेली, माणसं शिकवलेली, कपडे ठरलेले. निरभ्र यांच्याकडे मैदान आणि चादर आहे. हेलियम वाया जाण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण नवशिक्यांना उघड्यावर हायड्रोजन भरा असं मी तरी लिहिणार नाही.

नियमावली

कुणी अजून परवानगीचं बोललंच नाही म्हणून येतो.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे, पण मुळाशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची मानवरहित मुक्त फुग्यांची वर्गवारी आहे: हलके, मध्यम, जड. लटकनाचं एकूण वजन ४ किलोच्या आत असेल तर फुगा हलक्यात मोडतो. पण एक अट अशी की दोरी तुटायला २३० न्यूटन किंवा जास्त जोर लागत असेल तर तो थेट जड वर्गात जातो. म्हणजे ढोबळमानाने २३ किलोच्या झटक्यात तुटेल अशीच दोरी हवी. 'मजबूत असलेली बरी' म्हणून गिर्यारोहणाची दोरी लावणारे हौशी मी पाहिलेत. विमानाच्या पंखाला ती अडकली तर तुटायला हवी, हा त्यामागचा विचार.

हलका आहे म्हणजे न विचारता सोडा असा अर्थ नाही. हवाई वाहतूक प्राधिकरणाला आधी लेखी कळवायचं: जागा, वेळ, वजन, चढण्याचा वेग, अंदाजे मार्ग. ते वैमानिकांसाठी सूचना काढतात, काही ठिकाणी उड्डाणाच्या ऐन आधी फोनही करायला सांगतात. उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असं धरू नका.

हे कागदी घोडे वाटत असतील तर ऑक्टोबर २०२५ मधली घटना आठवा. अमेरिकेत ३६,००० फुटांवर प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेवर हवामानाचा फुगा आदळला. सुटताना त्याचं सगळं मिळून वजन जेमतेम एक किलोच्या वर होतं. काच आतून फुटून तुकडे वैमानिकाला लागले. विमान सुखरूप उतरलं. तुमचं खोकं ९०० ग्रॅम आहे.

म्हणून वजन कमी करा, आणि आहे ते एका जागी ठासून भरू नका. कॅमेऱ्याचं खोकं वेगळं, ट्रॅकरचं वेगळं, मध्ये दोरी. थर्माकोल जाड, धातूचं काही बाहेर नको.

सोल्डरराव

नियमावली यांनी दोन खोक्यांचं सांगितलं ते रेडिओच्या दृष्टीनेही योग्य आहे. ट्रॅकर सगळ्यात खाली.

कॅमेरा थंडीत बंद पडतो का? उष्णकटिबंधात १६-१७ किलोमीटरवर उणे ८० अंशांपर्यंत तापमान जातं, इतरत्र उणे ५०-६०. पण जाड थर्माकोलच्या आत कॅमेरा स्वतःच्याच उष्णतेवर तग धरतो. वर हवा इतकी विरळ असते की ती उष्णता वाहून नेत नाही. ४के व्हिडिओ सतत चालू ठेवला तर कॅमेरा उणे ५० मध्येसुद्धा तापून बंद पडू शकतो. दर पाच सेकंदांनी एक फोटो आणि अधूनमधून छोटा व्हिडिओ, एवढं पुरे.

सेल मात्र थंडीचे बळी. अल्कलाइन सेल नकोत. एकदाच वापरायचे लिथियम-आयर्न डायसल्फाइड एए सेल घ्या, ते उणे ४० पर्यंत चालतात आणि एक सेल १५ ग्रॅमचा, अल्कलाइनपेक्षा बराच हलका. ट्रॅकरचे सेल आणि कॅमेऱ्याचे सेल पूर्ण वेगळे ठेवा. कॅमेऱ्याने सेल रिकामे केले म्हणून ट्रॅकर मेला, असं होता कामा नये.

खोक्याला टाचणीच्या जाडीची दोन भोकं ठेवा, आतली हवा बाहेर जायला. हवाबंद डब्या, फुगेवाला पॅकिंग कागद, सीलबंद पिशव्या वर फुगतात आणि सगळं जागचं हलवतात. लेन्ससमोर काच लावू नका, लेन्स थर्माकोलच्या भोकातून थेट बाहेर बघू दे. आत सिलिका जेलची ताजी पुडी, म्हणजे वाफ धरणार नाही.

अँटेनावाला

ट्रॅकरची अँटेना: ४३४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी १७ सेंटिमीटरच्या थोडं वर येते. एक तार उभी खाली, चार तारा आडव्या, झाली ग्राउंड प्लेन अँटेना. कडक तार सरबताच्या नळीत घातली की सरळ राहते. उभी तार जमिनीकडे. बरोबर फुग्याखाली उभं राहिलात तर सिग्नल कमी मिळतो, तिथे घाबरायचं नाही.

आता कुठला सिग्नल? हॅम परवाना आहे तर एपीआरएस (हौशी रेडिओवाल्यांची ठावठिकाणा पाठवायची पद्धत) हा सोपा मार्ग. १२०० बॉडचं (सेकंदाला १२०० बिट) पॅकेट, ऐकणारी केंद्रं आधीच जगभर आहेत, नकाशावर टिंब आपोआप उमटतं. मात्र हौशी पट्ट्यांवर हवेतून प्रक्षेपण करायला काही देश परवानगी देत नाहीत, ते आधी बघा. तिथे विनापरवाना पट्ट्यांतलं कमी ताकदीचं प्रक्षेपण हाच पर्याय.

सोल्डरराव

एपीआरएसला तेवढ्याच अंतरासाठी ताकद जास्त लागते, आणि पॅकेटचा एक बिट हुकला तरी अख्खं पॅकेट फुकट. लोरा (लोरावॅनमागचं रेडिओ तंत्र) लावा की. मॉड्यूल नखाएवढं, वीज किरकोळ, गोंगाटाच्या खालूनही डेटा उचलतं.

अँटेनावाला

लोराचा रिसीव्हर लोराच लागतो. फुग्याचा पाठलाग करणाऱ्या तुमच्या गाड्यांशिवाय कोण ऐकणार? मला विचाराल तर होरस बायनरी ही पद्धत. ऑस्ट्रेलियातल्या प्रोजेक्ट होरसच्या लोकांनी फुग्यांसाठीच बनवलंय. चार टोनचं एफएसके (डेटा चार वेगवेगळ्या सुरांत पाठवायचा), चुका सुधारायची सोय आतच, आणि ऐकायला साधा आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत खुपसायचा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप पुरतो. ऐकलेलं सगळं साँडहब या फुग्यांच्या सामायिक ऑनलाइन नकाशावर जातं. कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या गच्चीवरून तुमचा फुगा ऐकतो आणि तुमच्या नकाशात भर घालतो. तसंच जुनं संकेतस्थळ हॅबहब २०२२ मध्ये बंद झालं, आता सगळे साँडहबवरच आहेत.

आणि बोर्ड बनवायचा कंटाळा असेल तर हवामान खात्यांचे उतरलेले आरएस४१ रेडिओसाँड (त्यांच्या फुग्याखाली लटकणारं मोजमापाचं यंत्र) घ्या. यू-ब्लॉक्सचा जीपीएस, एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर, ट्रान्समीटर, दोन एए सेल, सगळं तयार. आरएस४१एनजी नावाचं मुक्त फर्मवेअर (यंत्रातला प्रोग्राम) चढवलं की तो तुमच्या कॉलसाइनने (परवान्यावरच्या रेडिओ-ओळखीने) होरस बायनरी किंवा एपीआरएस बोलतो. फ्रिक्वेन्सी मात्र बदलायलाच हवी, ४०० ते ४०६ मेगाहर्ट्झ हवामानाच्या कामासाठी राखीव आहे. सापडलेला साँड परत मागण्याची पद्धत कुठे कुठे असते, वरचं लेबल वाचा.

सोल्डरराव

आरएस४१ ला माझाही हात वर. लोराचं पुढच्या उड्डाणात बघू.

खगोलवेडी

अवांतर: खोक्याबाहेर एक तापमापक लावाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेसरँ द बोर या फ्रेंच हवामानतज्ज्ञाने शेकडो फुगे सोडून बघितलं, की तापमान घटत घटत ११ किलोमीटरच्या आसपास थांबतं आणि वर घटतच नाही. त्या काळी हे पटण्यासारखं नव्हतं, उन्हाने उपकरण तापत असेल अशीच शंका येणार. म्हणून तो रात्री फुगे सोडत असे. १९०२ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला आणि स्ट्रॅटोस्फिअर सापडलं. तुमच्या आलेखात ते वळण स्वतः बघण्यात मजा आहे. सेन्सर सावलीत ठेवा, नाहीतर वर ऊनच मोजाल.

निरभ्र

आलेखाचा मोह आवरत नाही, सेन्सर लावतोय. साँड मिळाला, फर्मवेअर चढलं, गच्चीवर मस्त चालतोय.

अडचण वेगळीच आली. सगळं खोक्यात बसवलं आणि कॅमेरा चालू केला की जीपीएसचे उपग्रह बारावरून तीनवर येतात. कधीकधी शून्य. कॅमेरा बंद केला की अर्ध्या मिनिटात परत बारा. सेल वेगळे आहेत, वायर कुठेही जोडलेली नाही. वजन वाचवायला आम्ही एकच खोकं केलं होतं.

सोल्डरराव

कॅमेऱ्याचा प्रोसेसर आणि एसडी कार्ड रेडिओ गोंगाट करतात. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, आणि जमिनीवर पोहोचतो तेव्हा गोंगाटाच्याही खाली असतो. शेजारी कॅमेरा म्हणजे त्याच्या कानाशी ढोल.

दोन खोकी करा, मध्ये किमान दोन-तीन मीटर दोरी. कॅमेऱ्याच्या खोक्याला आतून तांब्याची किंवा ॲल्युमिनिअमची पट्टी लावून बघा, लेन्सची बाजू सोडून. आणि ही चाचणी खोकी प्रत्यक्ष जशी लटकणार तशी लटकवून करायची, टेबलावर शेजारी ठेवून नाही.

निरभ्र

वेगळी केली, मध्ये तीन मीटर. कॅमेरा फोटो काढत असताना अकरा उपग्रह. पट्टी न लावताच.

डीप फ्रीझरमध्ये तीन तास चालू ठेवलं, दोन्ही जिवंत. फ्रीझर उणे २० चा आहे, हे मान्य. आता पॅराशूट. मीटरभर व्यास ९०० ग्रॅमला पुरतो का? आणि ते वर आधीच उघडून ठेवायचं की घडी करून?

हलकाफुलका

पुरतो. जमिनीवर सेकंदाला ५ मीटरच्या आसपास वेग येईल. उघडायची यंत्रणा वगैरे काही नको, फुगा आणि खोकं यांच्या मधल्या दोरीतच ते लटकत वर जातं, फुगा फुटला की हवा धरतं. सुरुवातीला धरायला हवाच नसते, त्यामुळे ३० किलोमीटरवर तेच पॅराशूट सेकंदाला ४० मीटरने खाली येतं, फुग्याच्या चिंध्या गुंतल्या तर अजून जोरात. चढायला दोन तास लागत असतील तर उतरायला पाऊण तासाच्या आतच लागतो.

दोऱ्या गुंतू नयेत म्हणून पॅराशूटखाली हलकी कडी लावा. मुख्य दोरी आखूड ठेवलीत तर खोकं जास्त डोलतं आणि फोटो हलतात. आठ-दहा मीटर तरी असू द्या.

खोक्यावर ठळक अक्षरात लिहा: धोकादायक नाही, विद्यार्थी किंवा हौशी प्रयोग, आणि फोन नंबर. स्थानिक भाषेत.

निरभ्र

परवानगी आली. आता हवामान. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेलं उतरण्याच्या जागेचं भाकीत रोज चालवतोय. परवापर्यंत उतरण्याची जागा मोकळ्या शेतांत दाखवत होतं, आज मोठ्या जलाशयाच्या काठावर दाखवतंय. गॅस जरा जास्त भरून जागा बदलता येईल का? की कमी भरू?

हलकाफुलका

जास्त भरून बदलते, अलीकडे येते. तुमच्याच आकड्यांवर: २.९ च्या जागी ३.५ घनमीटर भरलात तर वेग सेकंदाला ६ मीटर होतो, चढण्याची वीसेक मिनिटं वाचतात आणि फुटण्याची उंची फक्त सव्वा किलोमीटरने कमी होते. तेवढी उंची फोटोत कुणाला कळणारही नाही. १० ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात वारे सगळ्यात जोरात असतात, तिथून लवकर सुटणं फायद्याचं. बाटलीतलं पाणी त्या हिशोबाने वाढवा, १.८ च्या जागी अडीच किलोच्या आसपास. लटकन पुन्हा तोलून घ्या, सेन्सर आणि दुसरं खोकं आल्यावर ते ९०० राहिलं असेल असं वाटत नाही.

कमी भरायच्या वाटेला जाऊ नका. जादा ओढ फार कमी राहिली तर फुगा न फुटता वर तरंगत राहू शकतो आणि मग भाकिताला अर्थ उरत नाही.

अँटेनावाला

पण काठावर दाखवतंय म्हणजे पाण्यात दाखवतंय असंच धरा. ते भाकीत जीएफएस या जागतिक हवामान मॉडेलच्या वाऱ्यांवर चालतं, मॉडेल दर सहा तासांनी नवं येतं. आदल्या रात्रीचं भाकीतसुद्धा दहा किलोमीटरने हुकू शकतं. वेग ५, ५.५, ६ आणि फुटण्याची उंची २९ ते ३४ अशी सगळी गणितं चालवून नकाशावर टिंबं टाका. त्यातलं एकही पाण्यात, विमानतळाजवळ किंवा गावावर पडत असेल तर तो दिवस सोडा. गॅसचा सिलिंडर महिनाभर थांबला तरी बिघडत नाही.

आणि पाठलागाची गाडी सोडण्याच्या मैदानावर ठेवू नका. फुगा सुटायच्या आधीच तिने उतरण्याच्या जागेजवळ पोहोचायचं. खोकं जमिनीवर टेकलं की ६०० किलोमीटरची रेंज एक-दोन किलोमीटरवर येते, झाडीत त्याहून कमी. शेवटचं पॅकेट शक्य तितक्या खालून ऐकलेलं असलं पाहिजे, म्हणजे शोधायचा पट्टा लहान होतो.

नियमावली

तारीख बदललीत तर प्राधिकरणाला नवी तारीख कळवा. जुन्या सूचनेवर सोडू नका.

निरभ्र

टिंबं टाकली. तिसांपैकी सात पाण्यात. वेग ६ ला सुद्धा दोन पाण्यातच. पुढे ढकलतोय, नव्या तारखेचा अर्ज आजच जाईल. लटकन तोललं, ९७० भरलं, म्हणजे पाण्याचा हिशोबही नव्याने.

तारीख पक्की झाली की फ्रिक्वेन्सी आणि कॉलसाइन इथेच टाकतो. ज्यांच्याकडे डोंगल पडून आहेत त्यांनी होरस बायनरीचं सॉफ्टवेअर तोवर बसवून ठेवा.

वाचकमात्र

माझ्याकडे डोंगल आहे, यागी नाही. गच्चीवर साधी उभी अँटेना चालेल का?

अँटेनावाला

चालेल. फुगा वर असताना मस्त ऐकू येईल. अँटेनाची कोॲक्स केबल आखूड ठेवा आणि डोंगलला यूएसबीच्या लांब वायरने लॅपटॉपपासून दूर न्या.